तिसऱ्या पिंजऱ्याची वही

मंडळी, प्यायच्या पाण्याचे हाल असताना, ह्या उन्हात, तुम्ही शैलासाठी आलात. तिच्या फोटोकडे पाठ करून बोलायचं मला जमत नाहीये. म्हणून एका साध्या दुपारपासून सुरू करते.

हैदराबादच्या कॉन्व्हेंटचं वसतिगृह. धोब्याने आमच्या फ्रॉकच्या कॉलरवर बिब्ब्याची खूण घातलेली. दोन दिवसांत शैलाची मान उतली, फोड आले. माझी मान जशीच्या तशी. सिस्टर म्हणाल्या, पावडर लाव. शैला माझ्याकडे रोखून बघत राहिली. "उदगीरला तुझी आई तुला काय खायला घालते गं?"

"गोडंबीचे लाडू."

गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्याच आतला गर. "लबाड!" ती म्हणाली. "एकटीच खातेस!"

त्या लाडवांवर तिने पुढे सगळं आयुष्य घातलं.

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि ती इथल्या नव्या कॉलेजात शिकवायला आली. प्राणिशास्त्राच्या मागच्या खोलीत तिने पांढरे उंदीर पाळले. तीन पिंजरे. पहिल्यातल्या उंदरांच्या पोटाला बिब्ब्याचं तेल लावलं, काही दिवसांनी कानाला. कान सुजले. दुसऱ्यातल्यांना तेलाचा अंश आधी खायला घातला, मग लावलं. कान जवळजवळ सुजलेच नाहीत. तिसऱ्यातल्यांची कातडी आधी बिघडवली आणि मग खायला घातलं. सूज थोडी उतरली, खाणं थांबताच तेवढीच परत आली. काही तर खातानाच अंगभर उतले.

ती मला समजावायची, "आधी तोंडातून ओळख झाली तर अंग सोसतं गं. कातडीने एकदा वैर धरलं, की मग समजूत पटत नाही." उंदराच्या कानाची सूज मोजताना म्हणायची, "थांबा हो राव, झालंच."

मग दुष्काळ पडला. शेतात काम उरलं नाही. रेणापूरकडच्या बायका बिबे फोडायला बसल्या आणि त्यांचे हात उतले. तेव्हा तिच्या विभागप्रमुख सरांनी, आज पहिल्या रांगेत हार घेऊन बसलेत त्यांनी, पेपरात बातमी दिली. बिब्ब्यावर उपाय सापडला! स्वतःच्या नावाने. पहिले दोन पिंजरे सांगितले. तिसरा गाळला.

हात उतलेल्या बायकांनी तेलाचे थेंब घेतले. त्यातल्याच एक इथे बसल्यात. लच्छमाबाई, तोंडावरचा पदर काढा. लाज तुम्ही का बाळगायची? दवाखान्यात त्या मला म्हणाल्या होत्या, "तोंड आतून सोललं बगा, बाई. पेपरात आलं म्हनून घेतलं. आमाला काय ठावं, उंदराचं काय झाल्तं ते?"

चौकशी झाली. सर म्हणाले, "मात्रा शैलाबाईंनी काढली होती." झालं! खोलीला कुलूप लागलं. बाजारात लोक तिला 'तेलवाली बाई' म्हणू लागले. मी म्हटलं, "बोल की गं!" ती म्हणाली, "कॉलेज नवं आहे. बंद पडलं तर पोरींनी कुठं जायचं? मी गेल्यावर तुला काय करायचं ते कर."

ती गेली. आता मी करते.

ही तिसऱ्या पिंजऱ्याची वही. ऐका. 'कातडी आधीच उतलेल्यांना तोंडावाटे देऊ नये. धोका आहे.' खाली शेरा, 'पाहिले'. त्याखाली सही. बातमीच्या आठ दिवस आधीची तारीख. सर, सही तुमचीच ना? खाली काय बघता? लोक तुमच्याकडं बघून राहिलेत.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला क्षमा करायला शिकवलं. शैला शिकली. मी नाही शिकले.

आता तिच्या वस्तूंचं सांगते. कान मोजायचं यंत्र तिच्या शेवटच्या वर्गातल्या मुलींना. पहिल्या दोन वह्या ग्रंथालयाला, वर तिचं नाव घालून. तिसरी लच्छमाबाईंच्या मुलीला. ती दहावीत आहे, आईला वाचून दाखवेल. ह्या पानाच्या झेरॉक्स दाराशी ठेवल्यात, प्रत्येकाने एक न्यावी. सरांनी दोन न्याव्यात. एक चौकशी समितीला स्वतःच्या हाताने द्यायची. दुसरी घरच्यांना.

चला, शैलासाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. सर, तुम्ही बसा. तो हारही तुमच्यापाशीच राहू द्या.