दगडी भिंतीला थर्माकोल

पनवेलच्या हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे डेबोराबाई उभ्या होत्या. त्यांना तिथेच त्यांचा कॉन्ट्रॅक्टर सापडला.

"भरतशेठ, शंभर वर्षांची दगड-चुन्याची भिंत! तुम्ही आतून थर्माकोल लावलंत आणि पावसाळ्यात तिला बुरशी आली."

"पण मॅडम, उकाडा कमी झाला ना?"

"आमच्या ह्यांचा दमा बळावलाय! देवजी गवंडी सांगत होता, चुन्याची ओल आत कोंडेल म्हणून."

"तो जुन्या वळणाचा माणूस."

"त्याने गिलावा केलेली मागची खोली खडखडीत कोरडी आहे!"

"टेन्शन नका घेऊ. आत हीटर लावा, महिन्यात सुकेल."

"हीटर? ऑक्टोबरात? पनवेलमध्ये?"

"बिनधास्त लावा. थर्माकोल आहे ना, जराही गरमी बाहेर जाणार नाही."