लवंगेच्या वासाची रांग

कुणीतरी हात मारलाय इथे. बघा ना, देठ ताजा मोडलाय – अजून ओला आहे. नाही नाही, मी कुणाचं नाव घेत नाहीये, बाई. हॅरोकोम्बचा हा जुना वाडा बघायला येणारी माणसं किती सभ्य असतात, मला काय माहीत नाही? तिकीट काढतात, वर दिवाणखान्यात उमरावांच्या तसबिरी बघतात, चहाबरोबर स्कोन खातात, आणि मग या बागेत येऊन पर्स उघडतात – रुमाल काढायला! तुमचीही जरा फुगलेलीच दिसतेय. सर्दी झालीय वाटतं? होते हो, जुलैच्या भर उन्हाळ्यातही. आतल्या जुन्या खुर्च्यांवर आम्ही काटेरी बोंडं ठेवतो, कुणी बसू नये म्हणून. बागेत काय ठेवणार? म्हणून मला ठेवलंय.

अहो, लाल काय होताय? दाखवा तरी. अगंबाई – फुलाचा दांडा तोडलात? तो कसला रुजतोय! बिनफुलाचा कोवळा शेंडा घ्यायचा, पेराशी धरायचा, हळूच ओढायचा – हा असा – कात्रीसुद्धा लागत नाही. वास घ्या आधी. लवंग ना? हे कार्नेशन या रांगेखेरीज कुठेही मिळायचं नाही. क्लेमंटने बियांतून निवडत निवडत तयार केलं – क्लेमंट म्हणजे इथला आधीचा मुख्य माळी – म्हणजे माझा नवराच हो, आता लपवून काय करू. फुलाला माझं नाव देणार होता. म्हटलं, खबरदार! लोक म्हणतील, हिल्डा फार पसरलीय, हिल्डाला छाटा. मग राहिलं तसंच, बिननावाचं. आणि बिननावाच्या झाडाची बाजू कोण घेणार? सोमवारी उपटणार आहेत सगळी रांग. लग्नांचे मांडव घालायचेत. ऑफिसातला तो चकचकीत बुटांचा मुलगा म्हणाला, फुलं गेली की नुसतं गवतच तर दिसतं. म्हटलं, बाळा, तू तरी कुठे बारा महिने फुललेला असतोस?

मी? माझ्याकडे कुठलं अंगण! एक खोली आहे, तीही उत्तरेकडची, ऊन न येणारी. कुंडीत लावलं होतं – कुजलं. परत लावलं, तेही – जाऊ दे. तुमच्याकडे ऊन येतं ना? दिवसभर? खरं सांगा हं, मला बरं वाटावं म्हणून नको. मग हे घ्या. हेही घ्या. अहो, घ्या हो, मघाशी नव्हतात लाजत! शेजारणीलाही द्या, तिच्याशी पटत नसलं तरी द्या –

थांबा. डेस्मंड येतोय, हल्लीचा मुख्य माळी. पर्स मिटा. – हां, तर बाई, पाटी वाचता येते ना? झाडांना हात लावायचा नाही! एक पानसुद्धा नाही! चला, निघा आता, बाग बंद व्हायची वेळ झाली!

"हिल्डा," ढकलगाडी न थांबवताच डेस्मंड म्हणाला, "ओलं फडकं तरी दे त्यांना. घरी पोचेपर्यंत सुकतील ते शेंडे."