सर्व्हर कोण लावणार?

बेहेरेवहिनी, प्राचार्य मॅडम, आणि कॉलेजातले माझे सगळे सहकारी,

चार माणसांसमोर बोलायची मला सवय नाही. आज तर इथून उठून जावंसं वाटतंय. पण बेहेऱ्यांच्या शेजारच्या टेबलावर मी अकरा वर्षं बसले. तेव्हा बोलायला मलाच हवं.

ऑफिसातला जुना सर्व्हर तुम्हाला माहीत आहे. प्रवेश, निकाल, दाखले, सगळं त्याच्यात. वीज गेली की तो स्वतःची सेटिंग्ज विसरतो. बॅटरी दोनदा बदलली, फरक शून्य. नव्या सर्व्हरचा विषय समितीत आहे. म्हणजे कुठेच नाही. मग वीज आली की हा जुनाच सुरू होताना पहिल्या पाच-सात सेकंदांत एक बटण दाबत राहायचं. निळा स्क्रीन येतो. तारीख घालायची, डिस्कचा मोड बदलायचा, आधी कुठली डिस्क उचलायची ते सांगायचं. वेळ हुकली की पुन्हा बंद, पुन्हा चालू. हे एकट्या बेहेऱ्यांना येतं, असं आपण सगळे धरून चाललो होतो.

आणि आपल्याकडची रीत काय? ज्याला जमतं, त्याच्याच गळ्यात. लेकीच्या साखरपुड्याच्या दिवशीही हा माणूस कोथरूडहून इथे आला, जरीच्या कुर्त्यात. मी हसले होते. तर म्हणाले, "हसा, नीलिमाताई. पण एकदा शिकून घ्या. मी काय अमरपट्टा घेऊन आलोय का?"

मग शिकवलं त्यांनी. न चिडता, दोनदा. आणि मला आलं. पहिल्याच दिवशी आलं. तरी मी म्हणाले, "नाही हो, माझ्या डोक्यावरून जातं."

का म्हणाले? वारज्याला माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. मला हाक आली की धावावं लागतं. मला अडकायचं नव्हतं. म्हणून मी त्यांना अडकू दिलं.

गेल्या गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार होती. त्याच सकाळी बेहेऱ्यांची अँजिओग्राफी होती. त्यांनी ती सोमवारवर ढकलली. मला म्हणाले, "छातीत जरा धरल्यासारखं होतंय. पण सर्व्हर कोण लावणार?" वहिनी, ते मला विचारत होते. मी समोरची फाईल चाळत राहिले.

शनिवारी ते गेले.

तेव्हापासून जो तो विचारतोय, आता कसं होणार? मी नुसती मान हलवते. आईला भरवतानाही तेच डोक्यात. खरं सांगावं तर तुम्हाला तोंड कसं दाखवू? न सांगावं तर त्या खुर्चीशेजारी रोज कशी बसू? दोन्हीकडून कोंडी आहे. आणि ती माझीच आहे.

मॅडम, उद्या पुन्हा वीज जाणार आहे. सर्व्हर मी लावीन. मला येतं.

वहिनी, मला तेव्हाही येत होतं.

आता दोन मिनिटं सगळ्यांनी शांत उभं राहू या. वहिनी, मी तुमच्या शेजारी उभी राहू की मागे जाऊ, ते तुम्ही सांगा.