भाऱ्यात नसलेलं

(वांगणीच्या पुढची पाणथळ जागा. पाड्यावरची अंजनी चिखलात उभी. बांधावर बदलापूरची राजसी, कॉलेजात गवतं शिकलेली, हातात रिपोर्ट.)

अंजनी : नाय, तू वाच. मोठ्यानं वाच. सही तुझीच हाय ना खाली?

राजसी : वाचते. ‘जागेवर फक्त गवतं आढळली. लव्हाळा आढळला नाही. जमीन कोरडी असून भराव टाकण्यास योग्य.’

अंजनी : कोरडी! पोटरीपर्यंत पाय रुतलाय माझा, आनि तू लिवतेस कोरडी.

राजसी : शेवटची ओळ माझी नाही, मावशी. मला काम देणाऱ्या साहेबांनी जोडली.

अंजनी : वरच्या दोन तुझ्या. लव्हाळा पान्यातच उगवतो, तो नाय म्हंजी जमीन कोरडी, त्यांच्याच जिवावर जोडली ना त्यानं?

राजसी : हो. पण मी खोटं नाही लिहिलं. श्रावणात तीन दिवस तुमचे भारे उलगडून एकेक काडी बघितली. प्रत्येक काडी गोल, प्रत्येकीला पेर. सगळं गवतच होतं. लव्हाळ्याची काडी तिधारी, तिला पेर नसतं, एवढं कळतं मला.

अंजनी : भारे कोनासाठी होते?

राजसी : म्हशींसाठी.

अंजनी : म्हैस लव्हाळा खाते?

राजसी : गवतासारखाच दिसतो तो. खात असेल.

अंजनी : तोंड लावत नाय. मंग आमी कापू कशाला? इळा बाजूनं फिरवायचा, त्याला उभा ठेवायचा. पाड्यावरच्या हरेक बाईला ठावं हाय. तुला कॉलेजात नाय शिकवलं?

राजसी : हे नाही शिकवलं. मला वाटलं, भाऱ्यात येतं तेवढंच इथे उगवतं.

अंजनी : खाली उतरायचं होतंस.

राजसी : तुम्हीच म्हणालात, बांधावर बस, बूट खराब होतील, मी आणून देते.

अंजनी : म्हनलं. त्याचाच जास्त राग येतो मला. घरची पोर समजून बसवलं तुला, चहा पाजला. आता भराव पडला की पाड्याची विहीर आटली. याच पान्यावर हाय ती. बायांना काय तोंड दाखवू मी?

राजसी : उद्या दुपारी या भरावाची सुनावणी आहे. सगळ्यांसमोर सांगेन, माझं चुकलं म्हणून.

अंजनी : नुसतं सांगून काय होतंय? साहेब म्हनेल, पोरगी घाबरली. कागदाला कागद पायजे.

राजसी : मग सगळं नव्यानं मोजावं लागेल. आत्ताच. परत काम नाही देणार ते मला.

अंजनी : नको देऊ दे. बूट काढ.

राजसी : काढले.

अंजनी : ये. ती काडी धर. बघू नको, चिमटीत फिरव. कडा किती?

राजसी : तीन.

अंजनी : पेर?

राजसी : नाही लागत.

अंजनी : लिव. आनि पुढं चल. चाळीस वर्सं उभं सोडत आलेय मी त्याला.