बसलेला आवाज

घशाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या आजींनी मासिक तोंडापुढे धरलं होतं, पण कान शेजारच्या बाकावर होते. तिथल्या दोघी मैत्रिणींपैकी एकीचा आवाज पार बसला होता. ती नुसती कुजबुजत होती.

“कधीपासून गं?”

“सोमवारपासून.”

“आणि घरच्यांनी अंगावर काढू दिलं?”

“त्यांना कुठे ठाऊक आहे!”

“अगं, घरात पाच माणसं!”

“जेवण वेळेवर मिळतंय, कपडे घडी होऊन कपाटात जातायत. माझ्याशी बोलायचं काम कुणाला पडतं?”

“मुलांनासुद्धा कळलं नाही?”

“थोरला म्हणाला, आई, हल्ली तू किती समजूतदार झालीस. सासूबाई तर शेजारणीला सांगत होत्या, सून असावी तर अशी.”

“बरं, औषध नीट घे. चार दिवसांत आवाज मोकळा होईल.”

“होऊ दे सावकाश. कौतुक आत्ता कुठे सुरू झालंय.”