धनूच्या मशीनला शाबासकी

धागे कापायला घरी नेत असलेलं साड्यांचं गाठोडं घेऊन मालतीबाई डिंडोलीच्या बसथांब्यावर उभ्या होत्या, तेवढ्यात शेजारची धनश्री भेटली. मागे रांगेत गल्लीतले वाल्मिकभाऊ होते. फुकटचं ऐकायला त्यांची कधीच ना नसे.

"माय वं, धनू! कॉलेज संपायच्या आत मशीन पुरं केलं म्हणे. अभिनंदन, बेटा!"

"साडीचे लोंबते धागे आपोआप कापतं, मावशी. तुमचेच हात बघून शिकवलं त्याला."

"तरीच रोज माझ्या ओट्यावर बसायचीस! मला वाटलं, पोरीला माझी माया."

"तुमच्या साडीवाल्या शेठना इतकं आवडलं, आता घरोघरी साड्या देणारच नाहीत."

"कशाला देतील? ते मध्येच चहाला उठतं का?"

"नाही."

"मजुरीच्या भावाची कटकट?"

"मशीन कसलं बोलतंय, मावशी!"

"गुणाचं आहे गं. मग धर हे गाठोडं, त्यालाच नेऊन दे. मी चालले चहाला."