बाळूनं पळवलेला नवरदेव

अरे, बाळूचं नाव निघालं की माना काय खाली घालता? कावीळ झाली अन् चोविसाव्या वर्षी गेला, ते खरंच. पण माझ्या लग्नाची वरात तुम्हाला कुणी सांगितली न्हाई वाटतं.

वाटूर फाट्यावर आमच्या वरातीसमोर दुसरी वरात आली. त्यांचा डीजे एवढा मोठा, की आमचा बँड वाजून राह्यला का न्हाई, तेच कळंना. बँड बाळूच्या मामाचा. मामा म्हणला, "बंद करा रे. जाऊ द्या त्यांना."

"थांब मामा," म्हणत बाळू क्लॅरिनेट घेऊन सरळ त्यांच्या डीजेपुढं उभा राह्यला. त्यांचंच गाणं त्यानं असं उचललं, की ऐकायसाठी डीजेवाल्यानं आपणहून आवाज बारीक केला. त्यांचा नवरदेव घोड्यावरून उतरला अन् नाचायलाच लागला. बाळू वाजवत वाजवत मागं सरकत गेला, अन् ती अख्खी वरात त्याच्या मागोमाग आमच्या मांडवात!

त्यांच्या नवरीचा बाप धापा टाकत पळत आला. "अहो, मुहूर्त टळून राह्यला! आमचा नवरदेव द्या!"

बाळूनं क्लॅरिनेट तोंडातून काढली. "घेऊन जा की काका. मी कुठं धरून ठेवलाय?"

घामानं चिंब झालेला नवरदेव सासऱ्याला म्हणला, "मामा, तुम्ही व्हा पुढं. भाऊ, तू अजून एक वाजव."

सासऱ्यानं कपाळाला हात लावला. मंग चपला काढल्या, अन् तोबी उतरला नाचायला.